डेटा कुठे ठेवलाय की हुकूम कोणाचा चालतो? टिकटॉकवरची अमेरिकी बंदी: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणात कंपनीचं नाव झाकून ठेवण्यात अर्थ नाही, दोन ओळींत कोणीही ओळखेल. म्हणून टिकटॉकला टिकटॉकच म्हटलं आहे. आतले अधिकारी, कर्मचारी आणि त्यांच्यामुळे ज्यांना त्रास झाला ती माणसं मात्र अनाम ठेवली आहेत. जिथे गरज पडली तिथे फक्त पद सांगितलं आहे. निर्णय कसे होत गेले आणि कुठे हातातून निसटले, एवढंच इथे बघायचं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पाच-सहा वर्षं ही कंपनी एकाच प्रश्नाचं उत्तर देत राहिली: अमेरिकी लोकांचा डेटा कुठे ठेवलाय आणि तो किती सुरक्षित आहे? सरकार विचारत होतं ते वेगळंच: उद्या बीजिंगहून हुकूम आला, तर तो नाकारायची ताकद तुमच्यापैकी कोणाकडे आहे? कंपनीचा पैसा, वकील, अभियंते सगळे पहिल्या प्रश्नाला जुंपलेले होते आणि निकाल लागला तो दुसऱ्या प्रश्नावर.

पार्श्वभूमी

बाइटडान्स ही कंपनी २०१२ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिने चीनसाठी डोयिन हे ॲप आणलं आणि २०१७ मध्ये चीनबाहेरच्या जगासाठी टिकटॉक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाइटडान्सने म्युझिकली विकत घ्यायचं ठरवलं. म्युझिकली होती शांघायची, पण तिच्यावर गाण्यांवर ओठ हलवत व्हिडिओ करणारी पोरं मोठ्या संख्येने अमेरिकेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही ॲप एक झाली आणि टिकटॉकला अमेरिकेत आयतं घर मिळालं.

टिकटॉकचं वेगळेपण त्याच्या फीडमध्ये, म्हणजे एकामागून एक समोर येणाऱ्या व्हिडिओंच्या ओळीत, होतं. जुन्या समाजमाध्यमांवर तुमचे मित्र कोण, यावरून काय दिसायचं ते ठरत असे. इथे मित्र नसले तरी चालत होतं. कोणत्या व्हिडिओवर बोट किती सेकंद थांबलं, कोणता पुन्हा पाहिला, कोणता अर्ध्यात सोडला, एवढ्यावरून अल्गोरिदम माणूस ओळखायला लागायचा. कंपनीची खरी मालमत्ता हीच. पुढे सरकारला भीती वाटली तीही याचीच. ज्याच्या हातात हा अल्गोरिदम, त्याला १७ कोटी अमेरिकी लोकांच्या सवयी कळणार आणि त्यांच्यासमोर काय यावं हेही तोच ठरवणार.

पहिला महत्त्वाचा निर्णय या काळातला आहे आणि तो न घेतलेला निर्णय आहे. अमेरिकेत परकी गुंतवणुकीची सुरक्षेच्या अंगाने छाननी करणारी एक आंतरविभागीय समिती आहे, तिला सिफियस म्हणतात. म्युझिकलीच्या खरेदीची माहिती कंपनीने या समितीला आपणहून दिली नाही. तेव्हा बहुतेक व्यवहारांत ती देणं ऐच्छिक होतं, आणि एका चिनी कंपनीने दुसरी चिनी कंपनी घेतली तर अमेरिकेला काय कळवायचं, असा विचार झाला असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण समितीला झालेला व्यवहारही नंतर उघडता येतो. २०१९ मध्ये तिने तो उघडलाच. तोवर ॲप अमेरिकेतल्या पोरापोरांच्या हातात होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या प्रकरणात ५७ लाख डॉलरचा दंडही भरावा लागला. म्हणजे ओळख झाली तीच दंडाच्या पावतीने.

भारतात आधी काय झालं

अमेरिकेची गोष्ट सांगताना भारत वगळता येत नाही, कारण कंपनीला इशारा इथेच मिळाला होता, तोही दोनदा.

एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉकची डाउनलोड थांबवायला सांगितलं. गूगल आणि ॲपलने ॲप काढलं, आणि साधारण आठवडाभरात न्यायालयाने बंदी उठवल्यावर ते परत आलं. मुद्दा होता मजकुराचा: अश्लीलता, लहान मुलांची सुरक्षितता. असा प्रश्न कंपनीला सोडवता येतो. मॉडरेटर म्हणजे मजकूर तपासणारी माणसं वाढवा, फिल्टर बसवा, हमी द्या.

१५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली. टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर व्हिडिओच्या जागी एक सूचना दिसायची: भारत सरकारच्या निर्देशांचं पालन करत आहोत. ज्या गावातल्या पोरीला पहिल्यांदा कोणी ‘ताई, तुझा व्हिडिओ बघितला’ म्हटलं होतं, तिचं सगळं खातं त्या एका सूचनेमागे गेलं. मला त्याची अजून हळहळ वाटते. बंदी बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण त्या लोकांना आपले व्हिडिओ उतरवून घ्यायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही.

कंपनीने भारत सरकारच्या प्रश्नावलीला उत्तरं दिली, चिनी सरकारला डेटा कधी दिलेला नाही आणि मागितला तरी देणार नाही असं कळवलं. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली. २०१९ चा प्रश्न ‘तुम्ही काय दाखवता’ असा होता, २०२० चा ‘तुम्ही कोणाचे’ असा. दुसऱ्या प्रश्नाला मॉडरेटर वाढवून उत्तर देता येत नाही. अमेरिकेतली लढाई सुरू होत असतानाच हा धडा समोर घडला होता.

अडचण नेमकी काय होती

अमेरिकी सरकारचे आक्षेप दोन. पहिला, एवढ्या लोकांची माहिती चीनच्या हाती लागू शकते. दुसरा, फीडमध्ये काय वर येतं आणि काय खाली दाबलं जातं हे बीजिंगहून गुपचूप फिरवता येईल. दोन्हींच्या मुळाशी चीनचा २०१७ चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा. संस्था आणि नागरिकांनी गुप्तचर कामाला सहकार्य केलं पाहिजे, असं तो सांगतो. कंपनी कितीही सचोटीने म्हणाली की आम्ही देणार नाही, तरी कायदा तिला ‘नाही’ म्हणायची मुभा देतो का, हा प्रश्न उरतोच.

कंपनीच्या बाजूनेही सांगण्यासारखं बरंच होतं. तिच्या सांगण्यानुसार बाइटडान्समधला सुमारे ६० टक्के हिस्सा जगभरच्या गुंतवणूकदारांकडे होता, २० टक्के संस्थापकांकडे, २० टक्के कर्मचाऱ्यांकडे. २०२१ पासून टिकटॉकचे मुख्य कार्यकारी अधिकारी सिंगापूरचे. चीनने अमेरिकी डेटा मागितला आणि कंपनीने दिला, असा एकही पुरावा सरकारने लोकांसमोर ठेवला नाही. जे होतं ते गोपनीय कागदांत. एवढं मोठं व्यासपीठ बंद करायचं आणि कारण सांगायचं बंद लिफाफ्यात, हे मला लोकशाहीत अस्वस्थ करणारं वाटतं, आणि या अभ्यासात कंपनीच्या चुका मोजताना ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्यात भर पडली चीनची. २८ ऑगस्ट २०२० ला चीनने निर्यात नियंत्रणाची यादी बदलली आणि त्यात व्यक्तिगत आवडीनुसार शिफारस करणारं तंत्रज्ञान घातलं. म्हणजे अल्गोरिदम परक्याला विकायचा तर बीजिंगची परवानगी हवी. अमेरिका म्हणते विका, चीन म्हणतो आमच्या परवानगीशिवाय विकायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही, की या यादीने अमेरिकेच्या शंकेला बळच दिलं. कंपनी चिनी सरकारपासून स्वतंत्र आहे म्हणावं, तर तिची सर्वांत मौल्यवान वस्तू विकायची की नाही हे चिनी सरकार ठरवणार होतं.

समोरचे पर्याय

कागदावर चार वाटा होत्या. अमेरिकी व्यवसाय विकणं. न्यायालयात जाणं. मालकी न बदलता डेटाभोवती तांत्रिक भिंत उभी करणं. आणि वापरकर्त्यांना सोबत घेऊन राजकीय दबाव आणणं. निघून जाणं ही पाचवी वाट, ती गांभीर्याने कोणी धरली असेल असं दिसत नाही.

विक्रीची वाट चीनने अडवली होती, आणि अल्गोरिदमशिवाय टिकटॉक विकणं म्हणजे इंजिन काढून गाडी विकणं. न्यायालयाची वाट सुरुवातीला चांगली चालली, आणि माझ्या मते पुढचा घात तिथूनच झाला. तांत्रिक भिंत हा कंपनीचा आवडता पर्याय, कारण अभियंत्यांच्या कंपनीला प्रश्न अभियांत्रिकीचा वाटतो. राजकीय दबावाचं हत्यार शेवटी उगारलं गेलं आणि ते उलटलं.

पहिला टप्पा: २०२० चे आदेश

६ ऑगस्ट २०२० ला ट्रम्प यांनी आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली टिकटॉकशी व्यवहार बंद करणारा आदेश काढला, ४५ दिवसांनी लागू होणारा. १४ ऑगस्टला दुसरा आदेश: अमेरिकी व्यवसाय विका. डिस्नेतून आलेले मुख्य कार्यकारी अधिकारी तीन महिन्यांच्या आत सोडून गेले. मायक्रोसॉफ्टची बोलणी फिसकटली, ओरॅकल ही सॉफ्टवेअर आणि क्लाउडची कंपनी आणि वॉलमार्ट यांच्यासोबतचा व्यवहार जाहीर झाला, पण पुरा झाला नाही.

न्यायालयात मात्र कंपनीला यश आलं. ज्या कायद्याचा आधार घेतला होता, त्यातच माहितीपर साहित्याची देवाणघेवाण रोखायला राष्ट्राध्यक्षांना मनाई आहे. व्हिडिओ हे तसंच साहित्य, असं धरून २७ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी आणि ३० ऑक्टोबरला, तीन क्रिएटरांनी केलेल्या दाव्यात, पेनसिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांनी आदेशाला स्थगिती दिली. जून २०२१ मध्ये बायडेन यांनी ते बंदीचे आदेश मागे घेतले.

इथे थोडं थांबायला हवं. कंपनी जिंकली ती कायद्यातल्या पळवाटेमुळे. राष्ट्राध्यक्षांना त्या विशिष्ट कायद्याखाली हा अधिकार नाही, एवढंच न्यायालयांनी म्हटलं होतं. संसदेने नवा कायदा केला तर काय, याला त्या निकालांत उत्तर नव्हतं. शिवाय विक्रीचा आदेश आणि समितीची छाननी चालूच होती. धोका टळला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. ते दोन-तीन वर्षांचे शांत दिवस ही कंपनीच्या हातातली सगळ्यात मोठी संधी होती. सरकार बदललेलं, समितीशी बोलणी चालू, निवडणूक लांब. मालकीचा प्रश्न हात घालण्याजोगा होता तो तेव्हाच.

दुसरा टप्पा: प्रोजेक्ट टेक्सास

कंपनीने तांत्रिक भिंतीची वाट धरली. ओरॅकलचं मुख्यालय टेक्सासमध्ये होतं म्हणून योजनेचं नाव प्रोजेक्ट टेक्सास. अमेरिकी वापरकर्त्यांचा डेटा ओरॅकलच्या क्लाउडवर, त्याच्या राखणीला अमेरिकेत वेगळी उपकंपनी, सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्राम, ओरॅकलने तपासायचा, आणि अटी मोडल्या तर ॲप बंद करायचा अधिकार सरकारला. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ९० पानांचा कराराचा मसुदा समितीकडे गेला. मार्च २०२३ पर्यंत दीड अब्ज डॉलर खर्च झाल्याचं कंपनीने सांगितलं, पुढे न्यायालयात तो आकडा २ अब्जांच्या वर गेला.

मी हा मसुदा मनापासून गंभीर मानतो. कोणत्याही समाजमाध्यम कंपनीने कोणत्याही सरकारला एवढं आत येऊ द्यायची तयारी क्वचितच दाखवली आहे. तरी सरकारने तो नाकारला, आणि त्याचं कारण एका आकड्यात आहे. टिकटॉकच्या सोर्स कोडच्या ओळी होत्या २ अब्ज, आणि तो तपासायला तीन वर्षं लागतील असा ओरॅकलचा अंदाज असल्याचं सरकारने न्यायालयात सांगितलं. कोड तर रोज बदलतो. तपासणारा पहिल्या पानावर असेपर्यंत शेवटचं पान पुन्हा लिहून झालेलं असणार. अशा वेळी पहारेकऱ्यावर विसंबता येत नाही, ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्यावरच विश्वास असावा लागतो. नेमका तो विश्वास त्याच वर्षी ढासळला.

जून २०२२ मध्ये ८० हून अधिक अंतर्गत बैठकांच्या ध्वनिफिती फुटल्या. चीनमधले कर्मचारी अमेरिकी डेटा वारंवार पाहत होते, असं त्यातून दिसलं. एका कर्मचाऱ्याच्या तोंडी तर ‘सगळं चीनमध्ये दिसतं’ अशा अर्थाचं वाक्य होतं. ही बातमी आली त्याच दिवशी कंपनीने जाहीर केलं की सगळी अमेरिकी वाहतूक आता ओरॅकलच्या क्लाउडवरून जाते. घोषणा खरी असेल, पण बातमीच्या दिवशी आलेली घोषणा खुलाशासारखी वाचली जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याहून वाईट घडलं. बातम्या कुठून फुटतात हे शोधायला बाइटडान्सच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांच्या खात्यांचा डेटा पाहिला होता. ते पत्रकार आणि कंपनीची माणसं एकाच जागी येतात का, हे आयपी ॲड्रेसवरून ताडून बघण्याचा प्रयत्न होता. कंपनीने चौकशी केली, कबुली दिली, चार जणांना काढलं. त्यांतले दोघे चीनमधले होते, दोघे अमेरिकेतले.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा कणा इथे मोडला. कोणत्याही सरकारने सांगितल्याचं समोर आलं नव्हतं. कंपनीतल्याच कोणाला तरी गरज वाटली आणि डेटा उघडला गेला. मग सरकारने गरज सांगितली तर? दीड अब्ज डॉलरची भिंत उभी राहत असताना, भिंतीच्या आतल्याच माणसाने दार उघडून दाखवलं.

मार्च २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची संसदेच्या समितीसमोर सुमारे पाच तास सुनावणी झाली. ही हेरगिरी होती का, असं विचारल्यावर त्यांनी तो शब्द योग्य वाटत नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं. वकिलाच्या नजरेतून ते सावध उत्तर असेल. ऐकणाऱ्याला त्यात कबुली ऐकू आली नाही. त्याच दिवशी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने सक्तीच्या विक्रीला ठाम विरोध जाहीर केला, आणि आम्ही चीनचे हस्तक नाही हे दिवसभर सांगून थकलेल्या माणसाच्या शब्दांवर पाणी पडलं.

तिसरा टप्पा: ७ मार्च २०२४

५ मार्च २०२४ ला प्रतिनिधिगृहात विधेयक आलं: बाइटडान्सने टिकटॉक विकावं, नाहीतर अमेरिकेत त्यावर बंदी. महिन्याभरापूर्वी खुद्द बायडेन यांच्या प्रचारकांनी टिकटॉकवर खातं उघडलं होतं, त्यामुळे वादळ ओसरलं असं कंपनीला वाटलं असेल तर नवल नाही.

७ मार्चला, प्रतिनिधिगृहाच्या समितीतल्या मतदानाच्या दिवशी, अनेक वापरकर्त्यांनी ॲप उघडलं तर व्हिडिओच्या आधी पूर्ण पडदाभर एक सूचना. टिकटॉक बंद होऊ देऊ नका, तुमच्या लोकप्रतिनिधीला फोन करा. पिनकोड टाकायला जागा. तो टाकला की प्रतिनिधीचं नाव आणि फोन लावायचं बटण.

खासदारांच्या कचेऱ्यांत फोन एवढे खणखणले की काहींनी लाइनी बंद केल्या. फोन करणाऱ्यांत शाळकरी मुलं बरीच होती. काहींना आपण कोणाला फोन लावलाय हेही नीट माहीत नव्हतं. बटण दिसलं, दाबलं.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर यात बेकायदा काहीच नाही. नागरिकाने प्रतिनिधीला फोन करावा, याहून सरळ लोकशाही ती कोणती? पण ज्या खासदारांना भीती होती की हे ॲप एका इशाऱ्यात कोट्यवधी लोकांना हलवू शकतं, त्यांना त्यांच्याच टेबलावरचा फोन वाजवून ते दाखवून दिलं गेलं. त्याच दिवशी समितीत ५० विरुद्ध ० मतांनी विधेयक पुढे गेलं. सहा दिवसांनी सभागृहात ३५२ विरुद्ध ६५. परदेशी मदतीच्या मोठ्या विधेयकात बसवून एप्रिलमध्ये ते सिनेटमध्येही मंजूर झालं आणि २४ एप्रिलला बायडेन यांची सही झाली.

कायद्यात विक्रीला २७० दिवसांची मुदत होती. ती संपत होती १९ जानेवारी २०२५ ला, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी. दंड टिकटॉकला थेट नव्हता, तो होता ॲप ठेवणाऱ्या स्टोअरला आणि ते चालवायला मदत करणाऱ्यांना: प्रत्येक वापरकर्त्यामागे ५,००० डॉलरपर्यंत. १७ कोटींनी गुणलं की कोणतीही कंपनी मागे सरेल.

चौथा टप्पा: न्यायालय आणि ती रात्र

कंपनी आणि काही क्रिएटर पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. ६ डिसेंबर २०२४ ला वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १० जानेवारीला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला, १७ जानेवारीला निकाल. एकाही न्यायमूर्तीने विरोधी मत दिलं नाही. हा कायदा मजकुराविषयी नाही, परक्या प्रतिस्पर्धी देशाच्या नियंत्रणाविषयी आहे, आणि एवढ्या लोकांच्या डेटाची काळजी हे कारण त्याला पुरेसं आहे, असा त्याचा गाभा. २०२० मध्ये वाचवणारी पळवाट आता नव्हती, कारण या वेळी राष्ट्राध्यक्षांचा आदेश नव्हता, संसदेचा कायदा होता.

१८ जानेवारीच्या रात्री कंपनीने ॲप स्वतःच बंद केलं. पडद्यावर संदेश आला: सध्या टिकटॉक उपलब्ध नाही. खाली ट्रम्प यांच्याविषयी आशेचा सूर. दुसऱ्या दिवशी, ट्रम्प यांनी मुदतवाढीचं आश्वासन दिल्यावर, सेवा परत सुरू झाली. मध्ये गेला जेमतेम अर्धा दिवस. २० जानेवारीला ७५ दिवस कायद्याची अंमलबजावणी न करण्याचा आदेश निघाला. तरीही ॲपल आणि गूगलने ॲप स्टोअरवर परत घेतलं ते १३ फेब्रुवारीला, सरकारच्या वकिलांकडून लेखी हमी मिळाल्यावर. ज्याच्या डोक्यावर दंड, त्याला तोंडी आश्वासन पुरत नाही.

ज्यांची रोजीरोटी या ॲपवर होती त्यांचे त्या आठवड्यातले निरोपाचे व्हिडिओ मी पाहिले. लोक रडत होते, प्रेक्षकांना दुसऱ्या ॲपवरचे पत्ते देत होते. काही जण तर शाओहोंगशू या दुसऱ्या चिनी ॲपवर गेले. डेटा चीनला जाईल या भीतीने केलेल्या कायद्याने काही लोकांना सरळ चीनमधल्या ॲपवर धाडलं.

परिणाम

मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी विक्रीच्या व्यवहाराला मान्यता देणारा आदेश काढला, उपराष्ट्राध्यक्षांनी किंमत सुमारे १४ अब्ज डॉलर सांगितली. डिसेंबरमध्ये करारावर सह्या झाल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेसाठी नवी संयुक्त कंपनी उभी राहिली. ओरॅकल आणि सिल्व्हर लेक व अबू धाबीची एमजीएक्स या दोन गुंतवणूक कंपन्या यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के. बाइटडान्सकडे १९.९ टक्के.

हा १९.९ चा आकडा नीट पाहा. कायद्यात ‘नियंत्रण’ मोजायची रेघ २० टक्क्यांवर आहे. तिच्या बरोबर एक दशांश टक्का खाली येऊन कंपनी थांबली. प्रोजेक्ट टेक्सासच्या ९० पानांत ज्या गोष्टीला हात लावला गेला नव्हता, ती शेवटी या एका आकड्याने सोडवली. डेटा ओरॅकलकडे, हे २०२२ मध्येही होतं. मालकी बदलली, हे नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा सगळ्यात आधीची होती. २०१७ मध्ये म्युझिकलीची खरेदी सिफियस समितीला आपणहून कळवली असती, तर अटी आल्या असत्या, कदाचित त्रासदायक आल्या असत्या. पण तेव्हा वापरकर्ते थोडे, कोड लहान आणि दोन देशांतलं वैर आजच्याइतकं तापलेलं नव्हतं.

दुसरी जागा २०२१ ते २०२२ ची. भिंतीवर खर्च केलेल्या पैशातला काही भाग आणि बरीचशी धमक मालकी बदलण्यावर खर्च करता आली असती. चीनची परवानगी मिळाली असती का? खात्री देता येत नाही. पण घड्याळ टिकटिकत नसताना मागितलेली परवानगी आणि मुदतीच्या आदल्या आठवड्यात मागितलेली, यांत फरक पडतो. अखेर २०२५ मध्ये चीनशी व्यापाराच्या वाटाघाटींत तो मार्ग निघालाच.

पत्रकारांच्या प्रकरणात चूक चार जणांची होती म्हणून त्यांना काढलं, हे पुरेसं नव्हतं. अंतर्गत तपासासाठी वापरकर्त्याच्या डेटाला हात लावता येणारच नाही, अशी व्यवस्था आणि तिची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून जाहीर तपासणी त्याच महिन्यात यायला हवी होती. सुनावणीतही एक सरळ वाक्य हवं होतं: हो, हे झालं, ते चूक होतं, आणि आता ते कोणालाच करता येत नाही.

फोनच्या मोहिमेबद्दल माझं मत ठाम आहे: ती करायला नको होती, निदान त्या रूपात. लहान मुलांपर्यंत ती सूचना जाऊच द्यायला नको होती. त्याऐवजी टिकटॉकवर धंदा उभा केलेले दुकानदार, शिक्षक, शेतकरी आपल्या प्रतिनिधीला मतदारसंघात जाऊन भेटले असते, तर त्या भेटीत कोणाला कळ दाबून हलवलेली गर्दी दिसली नसती.

सरकारकडूनही एक अपेक्षा होती. पुराव्याचा काही भाग तरी लोकांसमोर यायला हवा होता. आणि एकाच कंपनीचं नाव घालून कायदा करण्याऐवजी, कंपन्या लोकांचा डेटा गोळा करून विकतात या मूळ दुखण्याला आळा घालणारा व्यापक कायदा अमेरिकेच्या संसदेला करता आला असता. तो राहिलाच.

आज अमेरिकेतला अल्गोरिदम तिथल्या वापरकर्त्यांच्या डेटावर नव्याने शिकवायचं काम ओरॅकलच्या देखरेखीखाली आहे. जाहिरात आणि ऑनलाइन विक्रीचा धंदा मात्र अजून बाइटडान्सकडेच आहे. फीड एका घरात आणि त्यातून येणारा पैसा बऱ्याच अंशी दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी आहे. जाहिरात दाखवायची तर कोणाला काय आवडतं ते कळावं लागतं, आणि ते फीडलाच कळतं. या दोन घरांमधल्या दारातून रोज काय इकडून तिकडे जाईल, ते दार कोण तपासेल, हा पुढच्या वादाचा विषय आहे.